बेडरूममधला संगणक आणि हॉलमधला टीव्ही: जोडणीचे मार्ग

घरातला संगणक दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीला जोडण्याचे मार्ग पुष्कळ आहेत, पण ते सगळे दोनच प्रकारांत बसतात. पहिल्या प्रकारात संगणकाचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर नेला जातो. दुसऱ्यात पडदा संगणकाजवळच राहतो आणि चित्रपटाची, गाण्याची किंवा फोटोची फाइल तेवढी टीव्हीपर्यंत जाते. केबल, अडॅप्टर किंवा डोंगल विकत घेण्याआधी यांपैकी काय हवे आहे ते ठरवले, तर बराचसा खर्च आणि मनस्ताप वाचतो.

दोन्ही प्रकारांतला फरक आकड्यांत पाहण्यासारखा आहे. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे धरली, तर दर सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट माहिती तारेतून जावी लागते. फोर-के पडद्याला याच्या चौपट, म्हणजे सुमारे १२ गिगाबिट लागतात. फुल एचडी चित्रपटाची फाइल मात्र दाबून लहान केलेली असते. तिला साधारण ८ ते १० मेगाबिट पुरतात, म्हणजे जवळपास तीनशे पट कमी. त्यामुळेच पडदा नेणाऱ्या एचडीएमआय केबलला लांबीची मर्यादा चटकन जाणवते आणि फाइल साध्या वायफायवरूनही दुसऱ्या खोलीत पोहोचते.

यावरून निवड सोपी होते. लग्नाचे व्हिडिओ, साठवलेले चित्रपट, गाणी आणि फोटो यांसाठी फाइलचा मार्ग बरा. गेम, ऑनलाइन वर्ग, एखादे सॉफ्टवेअर किंवा संकेतस्थळ मोठ्या पडद्यावर हवे असेल, तर पडदाच न्यावा लागतो. ओटीटीवरच्या मालिकांसाठी बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. स्मार्ट टीव्हीवरचे किंवा टीव्हीला लावलेल्या स्टिकवरचे ॲप ते काम करते. संगणकाच्या ब्राउझरमधून ओटीटी टीव्हीवर नेले, तर कॉपी रोखणाऱ्या बंधनांमुळे चित्र कमी दर्जाचे दिसते किंवा पडदा चक्क काळा राहतो.

केबलने पडदा नेताना

आधी दोन्ही बाजूंची सॉकेटे तपासावीत. दोन्हीकडे एचडीएमआय असेल, तर चित्र आणि आवाज एकाच तारेतून जातात. संगणकाला डिस्प्लेपोर्ट असेल, तर डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय करणारा अडॅप्टर घ्यावा. असे बहुतेक अडॅप्टर एकाच दिशेने चालतात, त्यामुळे खरेदी करताना दिशा नीट सांगावी. लॅपटॉपला नुसते टाइप-सी सॉकेट असेल, तर त्यातून चित्र बाहेर येतेच असे नाही. काही सॉकेटे फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात. शेजारी डिस्प्लेपोर्टचे किंवा थंडरबोल्टचे चिन्ह आहे का ते पाहावे, नाहीतर लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती वाचावी. जुन्या संगणकाच्या निळ्या, पंधरा पिनांच्या व्हीजीए सॉकेटमधून आवाज जात नाही. तेथे कन्व्हर्टर आणि आवाजाची वेगळी तार लागते.

डेस्कटॉपला वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्या कार्डाच्या सॉकेटलाच लावावी. कॅबिनेटच्या मागे मदरबोर्डचे एचडीएमआय सॉकेटही दिसते, पण कार्ड बसवलेले असताना ते बरेचदा बंद असते. ‘केबल नवी, टीव्ही चांगला, तरी नो सिग्नल’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथेच निघते.

यानंतर लांबी. ती नजरेने ठरवू नये, मेजपट्टीने मोजावी. समजा, बेडरूम आणि हॉल यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि संगणक ते टीव्ही सरळ अंतर ४ मीटर आहे. केबल दारावरून न्यायची, तर हिशेब असा होतो: टेबलावरून जमिनीपर्यंत १ मीटर, दारापर्यंत ३, चौकटीवर चढायला २, पलीकडे उतरायला २, टीव्हीच्या भिंतीपर्यंत ४ आणि टीव्हीमागे वर जायला १. हे १३ मीटर झाले. दोन्ही टोकांना थोडी ढील हवीच, म्हणजे केबल १५ मीटरची लागणार. तीच केबल भिंतीला भोक पाडून आरपार नेली, तर ५ मीटरमध्ये काम होते. उंबऱ्यावरून नेली तर लांबी वाचते, पण बंद होणारे दार रोज तिला चेपते आणि काही महिन्यांत चित्र अडखळू लागते.

ही बचत फक्त पैशांची नसते. साधी तांब्याची एचडीएमआय केबल ५ मीटरपर्यंत फोर-के नेऊ शकते, मात्र तीवर ‘प्रीमियम हाय स्पीड’ हे प्रमाणन असावे. फुल एचडीसाठी चांगल्या प्रतीची केबल १० ते १५ मीटरपर्यंत साथ देते. त्यापुढे सिग्नल क्षीण होतो. चित्र मधूनच जाते, पांढरे ठिपके चमकतात किंवा काहीच दिसत नाही. लांब अंतरासाठी दोन पर्याय उरतात.

पहिला पर्याय ऑप्टिकल एचडीएमआय केबलचा. तिच्यात चित्राची माहिती काचेच्या बारीक तंतूंतून प्रकाशाच्या रूपात जाते, त्यामुळे ३० मीटर किंवा त्याहून अधिक अंतरावरही फोर-के मिळते. या केबलला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ असे लिहिलेले असते. उलटी जोडली तर चालत नाही. ती तीव्र कोनात वाकवू नये, कारण आतली काच तुटली तर दुरुस्ती नाही. भिंतीतून ओढण्याआधी ती जमिनीवर पसरून, दोन्ही टोके जोडून चालवून पाहावी. पाईपमध्ये उलटी गेलेली केबल पुन्हा बाहेर काढणे फार जिकिरीचे असते.

दुसरा पर्याय लॅन केबलवर चालणाऱ्या एक्स्टेंडरचा. संगणकाजवळ एक छोटा डबा, टीव्हीजवळ दुसरा आणि मध्ये कॅट-६ केबल. फुल एचडीसाठी असे संच ५० मीटरच्या आसपास चालतात. एचडीबेसटी या पद्धतीचे संच १०० मीटरपर्यंत जातात, पण ते महाग असतात. साध्या संचांतली लॅन केबल एका डब्यातून थेट दुसऱ्या डब्यातच जायला हवी. तिला मध्ये राउटर किंवा स्विच लावून चालत नाही. बहुतेक संचांत दोन्ही डब्यांना वेगळा वीजपुरवठा लागतो, त्यामुळे टीव्हीमागे एक जादा प्लग-पॉइंट मोकळा आहे का हेही पाहावे.

घराचे रंगकाम किंवा नूतनीकरण चालू असेल, तर कन्सील्ड पाईप टाकून घेण्याची तीच वेळ. एचडीएमआयचे डोके तारेपेक्षा बरेच रुंद असते आणि नेहमीच्या वायरिंगच्या २० मिलिमीटर पाईपमधून, विशेषतः वळणावर, ते अडकते. मोठा पाईप घ्यावा, वळणे कमी आणि मोठ्या गोलाईची ठेवावीत आणि पुढे दुसरी केबल ओढता यावी म्हणून आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवावी. वीज वाहणाऱ्या तारांच्या पाईपमध्ये ही केबल कधीही घालू नये. त्यात सुरक्षेचा प्रश्न आहेच, शिवाय सिग्नलमध्ये व्यत्ययही येतो. इलेक्ट्रिशियन एचडीएमआय टाकत असेल, तेव्हाच सोबत एक-दोन कॅट-६ केबलही टाकून घ्याव्यात. पुढे बाकी काही बदलले तरी त्या उपयोगी पडतात. भिंत फोडणे शक्य नसेल, विशेषतः भाड्याच्या घरात, तर पीव्हीसीची केसिंग पट्टी कडेकडेने नेली की काम नेटके दिसते.

जोडल्यानंतरची जुळवणी

केबल लावल्यावर टीव्हीच्या रिमोटवरचे ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटण दाबून योग्य एचडीएमआय क्रमांक निवडावा. संगणकावर विंडोजची कळ आणि पी अक्षराची कळ एकत्र दाबली की चार पर्याय समोर येतात: फक्त संगणक, डुप्लिकेट, एक्स्टेंड आणि फक्त दुसरा पडदा. डुप्लिकेटमध्ये दोन्ही पडद्यांना जमेल असे एकच रिझोल्यूशन घेतले जाते. त्यामुळे जुन्या लॅपटॉपचा पडदा १३६६ गुणिले ७६८ चा असेल, तर फुल एचडी टीव्हीवरही चित्र पुसट दिसते. चित्रपट पाहताना ‘फक्त दुसरा पडदा’ हा पर्याय घ्यावा. पाहुण्यांसमोर फोटो दाखवताना ‘एक्स्टेंड’ सोयीचा, कारण मध्येच आलेला खासगी संदेश किंवा उघडी राहिलेली खिडकी संगणकापुरतीच राहते.

आवाज टीव्हीतून येत नसेल, तर टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून आवाजाचे साधन म्हणून टीव्हीचे नाव निवडावे. चित्राच्या कडा कापल्या जात असतील आणि टास्कबार अर्धाच दिसत असेल, तर दोष संगणकाचा नसून टीव्हीच्या ओव्हरस्कॅनचा असतो. टीव्हीच्या चित्रविषयक मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘१:१’ अशा नावाने जो पर्याय असेल तो चालू करावा. लहान रंगीत अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसत असतील, तर त्या इनपुटला ‘पीसी’ असे नाव किंवा मोड द्यावा. काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा अंधारातले तपशील बुडत असतील, तर ‘फुल’ आणि ‘लिमिटेड’ या रंगपल्ल्यांपैकी संगणक आणि टीव्ही दोन्हीकडे एकच निवडावा.

फोर-के टीव्हीवर माउसचा बाण तुटक-तुटक सरकत असेल, तर संगणकाच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट पाहावा. तो ३० हर्ट्झ असेल, तर संगणकाचे सॉकेट, अडॅप्टर, केबल किंवा टीव्हीचा तो पोर्ट यांपैकी काहीतरी जुन्या एचडीएमआय १.४ चे असते. ६० हर्ट्झसाठी सगळी साखळी २०१३ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.० ची किंवा त्यानंतरची लागते. काही टीव्हींत त्या पोर्टचा वाढीव रंगांचा पर्याय मेनूतून चालू करावा लागतो. शेवटी अक्षरांचा आकार. तीन मीटरवरून वाचायचे तर विंडोजमधले स्केल १५० ते २०० टक्के ठेवावे.

केबलशिवाय पडदा नेताना

बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये मिराकास्ट असते. २०१२ मध्ये आलेल्या या पद्धतीत लॅपटॉप आणि टीव्ही एकमेकांशी थेट वायफायने बोलतात. राउटर किंवा इंटरनेट नसले तरी चालते. टीव्हीवर ‘स्क्रीन शेअर’ किंवा ‘स्क्रीन मिररिंग’ उघडावे आणि संगणकावर विंडोजची कळ आणि के अक्षराची कळ एकत्र दाबावी. यादीत टीव्हीचे नाव दिसते. ते निवडून टीव्हीवर आलेला पिन टाकला की पडदा उमटतो. डेस्कटॉपला वायफाय नसेल, तर हा मार्ग बंद. ॲपलच्या मॅकवर मिराकास्ट नसते, तेथे एअरप्ले लागते. ते बऱ्याच नव्या टीव्हींत असते. अँड्रॉइड किंवा गूगल टीव्ही असेल, तर क्रोम ब्राउझरच्या मेनूतल्या ‘कास्ट’मधून एखादा टॅब किंवा सगळा पडदा पाठवता येतो. त्यासाठी दोन्ही उपकरणे एकाच वायफायवर हवीत.

या सगळ्यांत चित्र आधी दाबावे लागते, हवेतून पाठवावे लागते आणि टीव्हीत पुन्हा उलगडावे लागते. त्यामुळे माउस हलवल्यावर बाण किंचित उशिरा सरकतो. सादरीकरणाला ते चालते, चपळ गेमला चालत नाही. गेमसाठी स्टीम लिंक किंवा मूनलाइट ही खास त्यासाठी बनवलेली ॲप बरी, मात्र संगणक राउटरला लॅन केबलने जोडलेला असावा.

भिंतींचा प्रश्न इथे प्रकर्षाने येतो. वायफायची २.४ गिगाहर्ट्झ लहर भिंतीतून बरी जाते, पण सोसायटीत शेजाऱ्यांच्या राउटरांनी ती गजबजलेली असते. ५ गिगाहर्ट्झ लहर वेगवान असते, पण आरसीसीच्या भिंतीपुढे लवकर ढेपाळते. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंती किंवा जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती असतील, तर मिराकास्टवर भरवसा न ठेवता केबलच टाकावी.

फाइल नेताना

येथे संगणक आणि टीव्ही एकाच राउटरवर असणे ही पहिली अट. बऱ्याच घरांत इंटरनेट देणाऱ्याने बसवलेला एक राउटर आणि घरच्यांनी विकत घेतलेला दुसरा, असे दोन चालू असतात. टीव्ही एकावर आणि संगणक दुसऱ्यावर असला, तर दोन्हींवर इंटरनेट चालते, पण ते एकमेकांना दिसत नाहीत. गेस्ट वायफायवर जोडलेल्या टीव्हीचेही तेच होते. यानंतर विंडोजमध्ये घरच्या नेटवर्कचा प्रकार ‘प्रायव्हेट’ करावा. ‘पब्लिक’ असेल तर संगणक स्वतःला लपवून ठेवतो.

सर्वांत साधी पद्धत डीएलएनए. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मीडिया स्ट्रीमिंग ऑप्शन्स’ शोधून ते चालू करावे. मग व्हिडिओ, म्युझिक आणि पिक्चर्स या फोल्डरांतल्या फाइली टीव्हीच्या मीडिया प्लेअरमध्ये संगणकाच्या नावाखाली दिसू लागतात. वेगळे काही बसवावे लागत नाही. उणीव अशी की फाइल उलगडण्याचे काम टीव्हीलाच करावे लागते. टीव्हीला न कळणाऱ्या पद्धतीने बांधलेली फाइल उघडत नाही. अनेक टीव्ही डीटीएस प्रकारचा आवाज वाजवत नाहीत, म्हणून चित्र व्यवस्थित आणि आवाज गायब, असा प्रकार होतो.

त्यावर उपाय म्हणजे संगणकावर मीडिया सर्व्हर बसवणे. जेलीफिन हा त्यांतला मोफत आणि मुक्त पर्याय. २०१८ पासून तो उपलब्ध आहे. संगणकावर तो बसवून चित्रपटांचे फोल्डर दाखवून द्यावे आणि टीव्हीवर किंवा स्टिकवर जेलीफिनचे ॲप घ्यावे. ॲपमध्ये संगणकाचा आयपी पत्ता आणि त्यापुढे ८०९६ हा पोर्ट क्रमांक टाकला की पोस्टरांसह यादी उघडते. फाइल टीव्हीला झेपणारी असेल, तर ती जशीच्या तशी जाते. नसेल, तर संगणक ती चालता-चालता बदलून पाठवतो. या बदलाचा प्रोसेसरवर बराच ताण येतो. जुना संगणक फोर-के फाइलीपुढे हात टेकतो. सेटिंगमध्ये ग्राफिक्स चिपची मदत चालू केली, तर हा ताण पुष्कळ कमी होतो. आयपी पत्ता राउटर अधूनमधून बदलतो, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये संगणकासाठी एक पत्ता राखून ठेवावा. टीव्ही अँड्रॉइडचा असेल आणि सर्व्हरचा खटाटोप नको असेल, तर टीव्हीवरचे व्हीएलसी किंवा कोडी हे ॲप संगणकावरचे शेअर केलेले फोल्डर थेट उघडते. शेअर करताना पूर्ण ड्राइव्ह मोकळा न सोडता चित्रपटांचे फोल्डर तेवढेच द्यावे आणि ‘फक्त वाचणे’ एवढीच परवानगी ठेवावी.

मराठी सबटायटल हा वेगळा मुद्दा. टीव्हीच्या प्लेअरमध्ये देवनागरीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे आली, तर आधी ती एसआरटी फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘सेव्ह ॲज’मधून यूटीएफ-८ एन्कोडिंगने जतन करावी. तरी जोडाक्षरे तुटून ‘प्रश्न’चा ‘प् रश् न’ होत असेल, तर दोष टीव्हीच्या फॉन्ट-व्यवस्थेचा असतो. अशा वेळी जेलीफिनमध्ये सबटायटल चित्रावरच छापून पाठवण्याचा पर्याय घ्यावा. संगणकावरचा ताण वाढतो, पण अक्षरे नीट दिसतात.

वेगाचा हिशेब इथे हलका असतो. फुल एचडी ब्लू-रेची मूळ फाइलही ४० मेगाबिटच्या आसपास थांबते. अनेक टीव्हींचे लॅन सॉकेट १०० मेगाबिटचेच असते, तरी ते पुरते. फोर-के ब्लू-रेच्या अवाढव्य फाइलींना मात्र ते अपुरे पडू शकते. तेथे चांगले ५ गिगाहर्ट्झ वायफाय उलट वेगवान ठरते. चित्र वारंवार थांबत असेल, तर आधी संगणक राउटरला लॅन केबलने जोडावा. संगणक आणि टीव्ही दोघेही वायफायवर असले, की तीच फाइल हवेतून दोनदा प्रवास करते. एक टोक केबलवर आले, तरी पुष्कळ फरक पडतो. भिंत फोडता येत नसेल, तर घरच्या वीजतारांतून नेटवर्क नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर वापरून पाहता येतात. दोन्ही अडॅप्टर एकाच फेजवर असावेत आणि थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावावेत. एक्स्टेन्शन बोर्ड किंवा यूपीएसमध्ये लावले तर वेग घसरतो.

दुसऱ्या खोलीतून ताबा

फाइलच्या मार्गात टीव्हीचा रिमोट पुरतो. पडद्याच्या मार्गात मात्र माउस आणि कीबोर्ड बेडरूममध्ये आणि पाहणारा हॉलमध्ये, अशी अडचण होते. बिनतारी कीबोर्ड मोकळ्या जागेत १० मीटरच्या आसपास चालतो. मध्ये भिंत आली की अंतर घटते. त्याचा छोटा यूएसबी रिसीव्हर कॅबिनेटच्या मागे, लोखंडाच्या आडोशाला असेल, तर तो एक्स्टेन्शन केबलने दाराजवळ आणावा. साध्या यूएसबी २.० केबलची मर्यादा ५ मीटर. त्यापुढे ‘ॲक्टिव्ह’ एक्स्टेन्शन घ्यावी. काही एचडीएमआय एक्स्टेंडरांत यूएसबीचीही सोय असते. तसा संच घेतला तर कीबोर्डचा रिसीव्हर टीव्हीजवळच लावता येतो.

संगणक झोपी गेला की टीव्हीवरचा चित्रपटही थांबतो. पॉवर सेटिंगमध्ये वीज जोडलेली असताना ‘स्लीप’ कधीच नाही असे ठेवावे. मॉनिटर बंद झाला तरी हरकत नाही. लॅपटॉपचे झाकण मिटल्यावर काय व्हावे, तेही तेथेच ठरवता येते. भारनियमनाच्या भागात संगणक इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या लाइनवर असला, तर वीज गेल्यावर संगणक चालू राहूनही टीव्हीला काही मिळत नाही. दोन्ही एकाच पुरवठ्यावर घ्यावेत.

विजेची काळजी

तांब्याच्या एचडीएमआय किंवा लॅन केबलने दोन खोल्यांतली उपकरणे विजेच्या दृष्टीनेही जोडली जातात. एका खोलीत अर्थिंग नसेल, तर केबलच्या धातूला हात लागताच झिणझिण्या येतात, स्पीकरमधून घूं असा आवाज येतो आणि कधी एचडीएमआयचा पोर्टच जळतो. अशी चिन्हे दिसली, तर वापर थांबवून आधी इलेक्ट्रिशियनकडून दोन्ही सॉकेटांचे अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन काढून तो दोन पिनांच्या सॉकेटात घालू नये. केबल लावताना किंवा काढताना दोन्ही उपकरणे बंद करून प्लग बाहेर काढावेत. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की संगणक, टीव्ही, राउटर आणि सेट टॉप बॉक्स यांचे प्लग काढावेत. डिश अँटेना किंवा केबलवाल्याची तारही सोडवावी, कारण ती घराबाहेरून येते आणि तिच्यातून आलेला झटका एचडीएमआयमार्गे संगणकापर्यंत पोहोचू शकतो.